गाडीच्या पोटाखालचं कवच

ऊर्जानगरात गाडी कोरड्या फडक्यानं पुसायची नसते. विद्युत केंद्राची राख रोज सकाळी बॉनेटवर पिठासारखी बसलेली असते आणि कोरडं फडकं फिरवलं की रंगावर ओरखडे उठतात. म्हणून आधी भरपूर पाणी, मग मऊ कापड, काचा शेवटी. वायपर तर काच धुतल्याशिवाय लावायचाच नाही. हा क्रम मी क्वार्टरच्या मागच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्याखाली प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, ग्रीस आणि उन्हाळ्यात इंजिनाच्या पेट्रोल पंपाला गुंडाळायची ओली चिंधी. नोकरीत मी यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक सांभाळते. घरी एका जुन्या अँबेसेडरचं सांभाळत आले.

गाडी बाबांची. ते सरकारी ड्रायव्हर होते. साहेब बदलत गेले, गाडी तीच राहिली. पुढे ती निकामी ठरून लिलावात निघाली, तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या बाबांनी तीच घेतली आणि गावी नेली. आईनं अंगणातूनच विचारलं होतं, "घरात बसाले खुर्ची नाई, अन् साहेबाचा सोफा काऊन आनला?"

आमचं गाव वडशाच्या पलीकडे. दिवाळी झाली की तिथे मंडई भरते. दिवसभर बाजार आणि रात्रभर नाटक. नाटकाची मंडळी हंगामात वडशाला मुक्काम ठोकून असतात. बाबांची गाडी गावात आल्यावर एक रीत पडली. बाकीची मंडळी आपल्या बसनं येणार, पण मुख्य नटीला बाबा वडशाहून आपल्या गाडीतून आणणार. मग पडदा उघडायच्या आधी त्यांना मंचावर बोलावून नारळ द्यायचा. माणूस आयुष्यभर साहेबांसाठी गाडीचं दार उघडत आला होता. वर्षातून एकदा गाव त्याला नावानिशी हाक मारून वर बोलवायचं. त्या नारळाची वडी आई कुणाला मागूनही द्यायची नाही.

आई गेल्यावर मी बाबांना आणि गाडीला ऊर्जानगरला घेऊन आले. मंडईला मात्र दर वर्षी इथून जात राहिलो. यंदा बाबांना चाकामागे बसणं झेपणार नव्हतं. त्यांनीच सांगितलं, "यंदा तू चालव बाई, मी बाजूले बसतो. पन नटी आपल्याच गाडीत येईन. पुढच्या वर्षीचं कोनाले ठाऊक?"

एवढं एकच त्यांनी मागितलं होतं. मी लगेच कामाला लागले. प्लग साफ केले, पॉइंटची फट बसवली, बॅटरी चार्ज केली, टाकी काठोकाठ भरून आणली. इंजिन पहिल्या हाकेला उठत होतं. उरलं होतं मागच्या ब्रेकचं काम.

गाडीच्या पोटाखालचं काम माझं नव्हतं, ते बाबांचं. पावसाळा संपला की ते खालच्या पत्र्याला टोळीचं तेल फासत, म्हणजे मोहाच्या बियांचं. गावात हे तेल बैलगाडीच्या आसाला लावतात, नांगराच्या लाकडाला लावतात, भेगाळलेल्या टाचांनाही लावतात. थंडीत ते तुपासारखं थिजतं आणि पत्र्यावर घट्ट बसतं. गावात गाडी गोठ्याशेजारी कौलाखाली उभी असायची आणि तिथे गंजाचा ठिपकाही आला नाही. इथे आल्यावरही बाबांनी तो नेम मोडला नाही. मावशीकडून गावाहून डबा यायचा आणि ते सतरंजी टाकून गाडीखाली शिरायचे. अलीकडे ब्रश मी धरायचे आणि ते खुर्चीवरून कुठे राहिलं ते सांगायचे.

इथे त्या तेलाचा थर दर वर्षी जाड होत गेला. करडा आणि टणक, वाजवला तर ठणठणीत. बाबा खूश असायचे. "पाह्य, कसं कवच धरलं. कंपनीतूनबी असं येत नाई." मलाही ते खरंच वाटलं. राखेपासून सिमेंट बनतं, हे ह्या वसाहतीत शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

त्या रविवारी बाबा चहाची कपबशी घेऊन बाजूला बसले होते. मी चाकांना विटा लावल्या, जॅक ठरलेल्या जागी बसवला आणि फिरवायला लागले. जॅक वर गेला. गाडी जागच्या जागी राहिली. बिस्किट मोडल्यासारखा कुरकुर आवाज आला आणि जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्यात शिरलं.

"काऊन वं, जॅक बिघडला का?" बाबांनी विचारलं.

"जॅक बरा आहे बाबा."

"मंग वरची साल निघाली असन. तिकडून लाव."

दुसऱ्या बाजूनंही तेच झालं. मग मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आडवी होऊन खरवडायला लागले. कवचाच्या खापऱ्या निघून तोंडावर पडल्या. वरून राखाडी, आतून ओल्या आणि तपकिरी. तेलाला राख चिकटली, राखेनं पावसाळ्याची ओल धरून ठेवली आणि त्यावर आम्ही दर वर्षी नवं तेल लावून ती ओल आत कोंडली. गावात ज्या तेलानं पत्रा जपला, त्यानंच इथे खाल्ला. एके ठिकाणी मी बोट टेकवलं आणि ते सरळ आत गेलं. वर गाडीतल्या चटईला लागलं.

मी चंद्रपूरहून वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तो हातोडी घेऊन खाली गेला, चारपाच ठिकाणी ठोकून बाहेर आला आणि केसांतली माती झटकायला लागला.

"मॅडम, चाळणीले कुठी वेल्डिंग करू?"

"नवीन पत्रा लावा."

"लावतो ना. पन त्याले पकडाले जुना पत्रा पायजे. मी का हवेत टाका मारू?"

बाबा काठी टेकत उठले. "अरे, खाली एवढं कवच होतं ना!"

"काकाजी, कवचच राह्यलं होतं," तो म्हणाला आणि मग बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून हातोडी पिशवीत घालू लागला. जाताना मला फाटकाशी म्हणाला, "कुठी नेऊ नका हिले. खड्ड्यात बसली तर अर्धी तिथीच राहीन."

मी आशेनं अजून दोघांना दाखवली. एकानं मान हलवली. दुसऱ्यानं भंगारवाल्याचा पत्ता सांगितला.

मंडईच्या आधी गावच्या समितीचा फोन आला. मोबाईल बाबांना नीट ऐकू यावा म्हणून मी स्पीकर लावते, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं.

"भाऊ, गाडी येऊन राह्यली ना?"

बाबांनी दाराबाहेर गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाई होत बाबू. ते आता नाई चालत."

"मंग काई टेन्शन घेऊ नका. सरपंचानं नवी गाडी घेतली, एसीवाली. नटीबाई त्याच्यात येतीन. तुमालेबी घ्याले धाडतो, भाऊ. आरामात पाय लांब करून या."

"मी का पाव्हना हाओ?"

पलीकडचा हसला. त्याला ती थट्टाच वाटली. "या बरं भाऊ," म्हणून त्यानं फोन ठेवला. नारळाचा विषय त्यानं काढला नाही, बाबांनीही नाही.

मी बसची वेळ पाहिली, आगगाडीची पाहिली, भाड्याच्या गाडीचंही विचारून ठेवलं. तीन पर्याय एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा न लावताच कागद परत दिला.

मंडईच्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बाहेर आले. वडशाला निघताना घालायचे तोच. क्षणभर मला वाटलं, यायला तयार झाले. त्यांनी हात पुढे केला. "चाबी दे."

"बाबा, गाडी कुठेच न्यायची नाही."

"मले मालूम हाये."

मी किल्ली दिली. ते दार धरून सावकाश आत बसले, आधी एक पाय, मग दुसरा. किल्ली फिरवताच इंजिन उठलं आणि एका लयीत चालू राहिलं. कुठे ठोका चुकत नव्हता. तेवढं तरी बिघडलेलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या काचेवर रात्रीची राख होती. मी बादली भरून आणायला वळले, तोवर त्यांनी वायपर लावला. कोरड्या राखेवरून रबर खरखरत गेलं आणि परत आलं. काचेवर ओरखड्यांची कमान उमटत गेली. आजवर मी त्यांना हे कधी करू दिलं नव्हतं. बादली हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. कमानीमागे बाबा समोर पाहत बसले होते, दोन्ही हात चाकावर, साहेब मागे बसल्यासारखे ताठ.

पेट्रोल संपेपर्यंत बसू द्यावं, असं मी ठरवलं. मग आठवलं, टाकी मीच काठोकाठ भरली होती.