चारची वेळ

रत्नागिरीत राहून मुंबईच्या मासिकांसाठी माणसांचे फोटो काढणारी मी एकटीच होते. कोकणातल्या कुणावर लेख आला की मला फोन यायचा. अमक्या बागायतदाराचा चेहरा हवा, तमक्या शिक्षिकेचा हवा. मी स्कूटी काढायची आणि राजापूर म्हणा, मालगुंड म्हणा, जिथे असेल तिथे जायची. गावात माझा स्टुडिओही आहे, पासपोर्ट फोटोंचा आणि बारशांचा. पोट त्याच्यावरच चालतं. पण कुणी काय करता विचारलं तर मी मासिकांचंच सांगायची.

त्या जानेवारीत एका मासिकाने बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसांवर अंक करायचं ठरवलं. संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना नीट बोलूही दिलं नाही.

"राजिवड्यात एक चाचा आहेत," मी म्हटलं. "पस्तीस वर्षं परदेशी जहाजांवर कुक होते. मी आठ वर्षं ओळखते त्यांना."

"हो गं, म्हणूनच तुला फोन केला," त्या म्हणाल्या. "आमचा एक फोटोग्राफर येतोय पुण्याहून, सगळा अंक तोच करतोय. त्याला जरा घेऊन जा. तू सोबत असलीस की माणसं मोकळी होतील."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि आधी त्याचे फोटो शोधून काढले. ते वाईट असते तर किती बरं झालं असतं! एका पोस्टमनचा फोटो होता. नुसता चेहरा, पण तो माणूस आत्ताच काहीतरी बोलून थांबलाय असं वाटत होतं. तो फोटो मी तीनदा पाहिला आणि लॅपटॉप मिटला.

चाचांचे फोटो मीही काढले होते, चार-पाच वेळा. दर वेळी त्यांना खाडीच्या कडेला नेऊन उभं करायची, पाठीमागे पाणी, होड्या. दर्यावर्दी माणूस, म्हणून. आणि दर वेळी चाचा ताठ व्हायचे, ओठ मिटायचे, आधारकार्डासाठी बसल्यासारखे. मला वाटायचं त्यांचा चेहराच तसा आहे.

येण्याच्या आदल्या दिवशी पुणेकराचा फोन आला. "ताई, चाचांच्या ओटीवर उजेड कधी चांगला असतो?"

मला ते पक्कं ठाऊक होतं. ओटी पूर्वेकडे आहे. सकाळी आठला खाडीवरून ऊन येतं आणि तासभर सगळी ओटी उजळते. दुपारनंतर तिथे घराचीच सावली पडते, चेहरे राखाडी दिसतात.

"चार," मी म्हटलं. "चारच्या सुमारास या."

खोटं बोलताना माझा आवाज जराही हलला नाही. उलट मी पुढे हेही सांगितलं की सकाळी चाचांची तब्येत बरी नसते.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही पोचलो. पस्तिशीचा, बारीक, साधा माणूस. ओटीवर पाय ठेवताच त्याने वर पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्याला कळलं असणार.  पण कॅमेरा पिशवीतच ठेवून तो चाचांच्या शेजारी बसला. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि मनात म्हटलं, आता बघू.

त्याने वादळांबद्दल विचारलं नाही, बंदरांबद्दल नाही. विचारलं, "चाचा, बोटीवर तुम्ही शिजवायचात काय?"

चाचा त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "कुणासाठी? गोऱ्या कप्तानाचं निराळं, खलाशांचं निराळं."

"आणि बोट हलायला लागली की?"

"मग काय, मग टोप धरायचा! असा नाय. चल, आत चल, दाखवतो."

चाचा उठले आणि त्याला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. मीही मागोमाग गेले. आठ वर्षांत मी त्या घराची ओटी ओलांडली नव्हती. चाचांची सूनबाई तिथे चहा टाकत होती. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा आत येऊन सरळ ओट्यावर पडला होता. चाचांनी मोठा टोप उचलला, पाय फाकले, कंबर ओट्याला टेकवली, झाकण कोपराने दाबलं आणि टोप दोन्ही हातांनी कवटाळून डावी-उजवीकडे झुलायला लागले.

"अब्बा, टोप रिकामा आहे," सूनबाई म्हणाली. "सांडणार काय?"

चाचा हसले. पोटातून हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही मी चाचांकडे नाही, पुणेकराच्या कॅमेऱ्यावरच्या बोटाकडे पाहत होते. कॅमेरा कधी बाहेर आला ते कुणालाच कळलं नाही.

अंक आला. पहिल्या पानावर तोच फोटो. आठवड्याने सूनबाई मासिक घेऊन माझ्या स्टुडिओत आली. "बाई, हा मोठा करून द्या ना, फ्रेममधला. अब्बांना भिंतीवर हवाय."

मी पुणेकराकडे फाइल मागितली. त्याने एक नाही, त्या दुपारच्या सगळ्या फाइली पाठवल्या. सोबत निरोप: "ताई, तुम्ही चार सांगितलं म्हणून जमलं. सकाळी आत अंधार असता." मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी नुसता अंगठा पाठवला. हा माणूस मनाने तरी कोता असायला हवा होता.

त्यातल्या दोन फोटोंत मीही होते. दारात, हाताची घडी घालून, तोंड आंबट. मी ते मोठे करून नीट पाहिले आणि पुसून टाकले.

प्रिंट मी स्वतः केली, दोनदा. पहिलीत टोपाची कड जास्त पांढरी झाली होती. नेऊन दिली तेव्हा चाचांनी ती लांब धरून पाहिली.

"चाचा, मला कधी दाखवलं नाहीत हे टोपाचं," मी म्हटलं. थट्टेत म्हणायचं होतं, पण तसं झालं नाही.

"अगो, तू विचारलंस कधी?" चाचा म्हणाले. "तुला पाणी हवं होतं मागे. मी आपला उभा राहायचो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. सूनबाईने मला आत बोलावलं, मी आत जाऊन चहा घेतला. चारची गोष्ट मात्र मी तिथे कुणाला सांगितली नाही, पुणेकरालाही सांगितली नाही.

संपादकबाई अजून मला कामं देतात. हल्ली मी माणसांना उभं करण्याआधी शेजारी बसते आणि काहीबाही विचारते. फोटो बरे येतात, हे मला दिसतं. पण विचारताना त्या पुणेकराचाच आवाज कानात येतो आणि तेवढ्यापुरती मी त्याच्यावर चिडते.