लिफ्टकाकांच्या सहा तारा

आमच्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल करणारे गृहस्थ इलेक्ट्रिक गिटार वाजवतात, हे कळलं तेव्हा आम्हाला गंमतच वाटली. वय चोपन्न, आवाज खणखणीत, खिशात कायम टेस्टर. सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणतात. त्यांची मेहुणी गाते, तिचा नवरा ड्रम वाजवतो. त्यांच्या बँडमधला गिटारवाला परगावी गेला, तेव्हा "भाऊजी, तुमची बोटं मजबूत आहेत," एवढ्या भांडवलावर तिनं पन्नाशीतल्या काकांना शिकायला बसवलं.

काका चिकाटीनं शिकले आणि बरं वाजवायलाही लागले, पण गिटार काही सुरात राहायची नाही. एका बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या कार्यक्रमात तर कहर झाला. त्या दिवशी सकाळीच त्यांनी हौसेनं नव्या तारांचा संच चढवला होता. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्यात तारा उतरू लागल्या आणि तिसऱ्यात मेहुणी एका पट्टीत, भाऊजी भलत्याच. काका खुंट्या पिळत असताना मेहुणीनं माईकवर सांगून टाकलं, "जरा थांबा, आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आहे."

सभागृह हसलं. काकाही हसले, पण घरी पोचेपर्यंत गाडीत खुंट्याच पिळत बसले.

मग खटाटोप सुरू झाला. खुंट्या बदलून झाल्या. जाड तारा आणून झाल्या. बोटांना घट्टे पडले, तारा मात्र उतरायच्या त्या उतरल्याच. कुठली तार किती उतरली याच्या नोंदी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होऊ लागल्या. बायकोनं दंतवैद्याकडे जायची तारीख लिहून ठेवली होती, त्याच चौकटीत एक दिवस ‘तिसरी फारच ढिली’ असं उमटलं.

"हे माझ्या दाताबद्दल आहे का?" तिनं विचारलं.

"तारेबद्दल."

ती भाजी निवडत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "नव्या लिफ्टचे दोर बसवल्यावर तुम्ही काय करता हो?"

"काय करणार? नवे दोर सुरुवातीला ताणून लांबतात. काही दिवस चालू द्यायचे, मग परत आवळायचे."

"आणि गिटारच्या तारा सकाळी बसवून संध्याकाळी कार्यक्रमाला नेता."

काकांनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षं दोर ओढतोय मी," ते म्हणाले.

"म्हणून तर तुम्हालाच विचारलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मधल्या जाडीचा नवा संच चढवला. खुंटीवर दोन-तीनच वेढे, तेही एकाखाली एक नीट. मग एकेक तार बोटानं हलकेच वर ओढायची, सुरात आणायची, पुन्हा ओढायची, उतरायची थांबेपर्यंत. तिसरी तार गिटारच्या मानेच्या टोकाशी असलेल्या खाचेत अडकून टिक्‌टिक्‌ करत होती; त्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, तीही सरळ आली.

उरला प्रश्न टिकण्याचा. काकांच्या तळहातांना भयंकर घाम. साध्या तारा दहा दिवसांत काळ्या आणि खरखरीत व्हायच्या, आणि गंजलेली तार सूर धरत नाही. वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनी गंज रोखणारा पातळ थर चढवलेल्या तारा सुचवल्या. काकांचा आधी विश्वास बसेना, पण वाजवण्याआधी हात धुवायचे आणि नंतर कापडानं तारा पुसायच्या, एवढं पथ्य पाळल्यावर तो संच अकरा आठवडे चालला.

त्याच संचावर त्यांनी एका हॉस्पिटलच्या कार्यक्रमात खुंट्यांना हातही न लावता सलग नऊ गाणी वाजवली. मेहुणी मंचावरून खाली उतरली ती घसा धरूनच. "भाऊजी, मधे एखादी तार उतरू द्या की. मला पाणी प्यायला तरी वेळ मिळेल."

परवा काका आमच्याकडे दुरुस्तीला आले होते. चौथ्या मजल्यावरच्या प्राध्यापिकाबाई आपली गिटार घेऊन त्यांची वाटच बघत होत्या. दोघं जिन्यात बसले आणि काकांनी एकेक तार ओढून दाखवली. "उद्या परत थोड्या उतरतील, घाबरू नका," ते समजावत होते. त्यांच्या बाजूनं आम्ही पिशव्या घेऊन धापा टाकत वर चढत होतो. शेवटी मी विचारलं, लिफ्ट कधी सुरू होणार?

ती अर्ध्या तासापूर्वीच सुरू झाली होती. काका सांगायचं विसरले होते.