सारवलेल्या खळ्यावरचा उजवा ठोसा

"पोरीला कुनी शिकवलंय? समोरची घसरली नि ही जितली. म्हातारा तर नुसतं खळं सारवत व्हता."

बोर्ली पंचतनच्या बाजारात, सलूनच्या बाकावर बसून माझ्या शेजाऱ्यांनी माझ्या नातीच्या पहिल्या लढतीचा हा वृत्तांत दिला आणि चार दिवसांत तो दिवेआगरात घरोघर पोहोचला. त्यातले शेवटचे वाक्य तेवढे खरे आहे. खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, मी सारवत होतो. कशासाठी, हे मात्र या गृहस्थांनी कधी विचारले नाही. शेण त्यांच्याच गोठ्यातले असूनही.

तरुणपणी मुंबईच्या गोदीत नोकरीला असताना मी सहा वर्षे मुष्टियुद्ध खेळलो. त्यामुळे बारावीतली नात "आजोबा, मला शिकवा" म्हणाली, तेव्हा मी एक पोते नारळाच्या सोडणांनी, म्हणजे सोललेल्या सालींनी, ठासून भरले आणि वादळातून वाचलेल्या फणसाला टांगले. शेजारी कुंपणापलीकडून सल्ला देत, "जोर काढाय लावा तिला. ताकद दंडात असते."

दंडात ताकद होतीच; नारळाच्या पाट्या ती लहानपणापासून उचलते. तरीही तिच्या ठोशाने पोते नुसते झोके घेई. ढकललेले पोते झुलते. ठोसा बसलेले पोते जागच्या जागी दुमडते.

चूक माझीही झाली, ती मी लपवत नाही. वाळूने पाय कणखर होतात या आमच्याकडच्या समजुतीपायी पहिले दोन महिने मी तिला समुद्रकाठच्या पुळणीवर नेले. वाळूत चवडा रुततो, वळत नाही. चवडा वळला नाही तर कंबर वळत नाही, आणि कंबर वळली नाही तर ठोशामागे उरतो केवळ हात. मग मी तिला ताज्या सारवलेल्या खळ्यावर अनवाणी उभे केले. नियम एकच: प्रत्येक उजव्या ठोशाबरोबर मागच्या पायाचा चवडा वळल्याची चंद्रकोरीसारखी कोर ओल्या सारवणावर उमटली पाहिजे.

"मग पोत्याकडे बघू की जमिनीकडे?"

"तू पोत्याकडे बघ. जमीन मी वाचतो."

आठवडाभरात खळ्याची चाळण झाली. "अहो, सुपारी कुठे वाळत घालू? तुमच्या डोक्यावर?" पत्नीने विचारले, आणि सारवण त्या दिवसापासून माझ्याकडे आले. मूठ वाटेत सैल ठेवायची, लागताना आवळायची, हात तडक हनुवटीशी परत आणायचा, हे सारे नंतरचे. आधी कोर. पावसाळा सरल्यावर एका सकाळी पोते मधोमध दुमडले आणि पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय पडलं?"

"काही पडलं नाही. ठोसा बसला."

इतक्या अभिमानाने मी माझ्या स्वतःच्या विजयाबद्दलही कधी बोललो नव्हतो.

पालीच्या लढतीत, दुसऱ्या फेरीत, तिने तोच उजवा ठोसा मारला आणि समोरची मुलगी खाली बसली. बल्लाळेश्वराचे दर्शन उरकून आलेले शेजारी सभागृहाच्या दाराशी उभे होते. फरशी ओली होती, असे ते म्हणतात. रिंगणात फरशी नसते, ताणून बांधलेले कापड असते. पण तेही राहू दे.

बाजारातल्या गप्पा मी सोडून दिल्या असत्या. परंतु त्या ऐकल्यापासून नात तीन दिवस खळ्यावर आली नाही, आणि चौथ्या दिवशी तिने मला विचारले, "आजोबा, खरं सांगा. ती घसरली होती का?" पहिलीच लढत; पंचांनी आपल्याला कोपऱ्यात जायला सांगितले, यापलीकडे तिला काही आठवत नव्हते. लोकांनी माझ्यावर संशय घ्यावा, खुशाल घ्यावा. तिने स्वतःच्या ठोशावर संशय घेणे मला मान्य नाही. म्हणून तिला जे सांगितले, तेच इथे सर्वांसाठी लिहून ठेवतो.

घसरून पडलेल्या खेळाडूसाठी पंच आकडे मोजत नाहीत; ते तिला उठवतात आणि लढत पुढे चालू करतात. आकडे मोजतात ते ठोसा बसून खाली गेलेल्या खेळाडूसाठी, आणि ती लगेच उठली तरी आठापर्यंत मोजतातच. पालीला त्या दुपारी पंचांनी त्या मुलीसमोर बोटे धरून एकापासून आठापर्यंत मोजले.