नव्वद किलोंची चढाई

आज सकाळी मी पेस्ट समजून दुखण्यावरचं मलम ब्रशला लावलं. त्या वासानं पंचवीस वर्षांपूर्वीची, ओझरजवळच्या आमच्या गावच्या जत्रेतली कबड्डी आठवली. लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असा सामना. माझं वजन नव्वद किलो. धावत चढाईला गेलो, पण थांबायच्या वेळी शरीर काही थांबेना. बिनलग्नाच्यांतल्या काडीसारख्या बाळूवर तसाच आदळलो. त्याच्या खांद्यात कडकन आवाज झाला आणि मी गुणासाठी हात वर केला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

“भाऊ, आता माझ्या गाईंच्या धारा कोण काढील?” बाळू कण्हत म्हणाला.

वजन माझं, वेग माझा, हाड त्याचं. त्या वर केलेल्या हाताची आजही किळस येते.

त्या दिवशी घरी बायको म्हणाली, “जिंकलात न्हवं? आता त्याचं हाड जुळंस्तवर रोज पहाटं त्याच्या गोठ्यात जावा.”