एका बाजूनं

लोह्यात माझ्या दुकानावर फाळ आणणारा माणूस आधी माझी कटकट ऐकतो, मग काम होतं. मी तसा तापट हाय, आणि ते मला मान्य हाय. पण मी फाळाच्या टोकाला वेल्डिंगच्या कडक रॉडचा थर मारला, की मुरमाड रानात तो फाळ साध्याच्या तिप्पट चालतो. हे मी नाही, गिऱ्हाईक सांगतात. थरावर केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या की नवा माणूस घाबरतो, वेल्डिंग फुटलं म्हणतो. मी त्याला सांगतो, कडक माल थंड होताना तडकणारच, न तडकला तर मला येऊन विचार. दहा वर्षांत कुणी विचारायला आलेलं नाही.

हे काम मी लातूरला एमआयडीसीत एका उस्तादाजवळ शिकलो. उस्ताद कमी बोलायचे. फाळाच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता: "एक बाजू कड़क रखना, एक नरम. दोनों कड़क करे तो धार किधर से आती?" त्यातलं गमक साधं हाय. माती घासते त्या बाजूला कडक थर द्यायचा. मागची बाजू नरम राहिली की ती थोडी थोडी झिजत जाते, आणि कडक थराची कड पुढं राहून फाळाला आपोआप धार येते. शेतकरी म्हणतो, दोन्ही बाजूनं मारा की, हात कशाला आखडता? मी त्याला हाकलत नाही, पण ऐकतही नाही. लई वर्षं मी हा कायदा पाळला. मोडला तो एकदाच, आणि तोही माझ्या बहिणीसाठी.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिचं सासर लोह्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. दाजी आजारपणात गेले आणि मागं ट्रॅक्टर अन् पल्टी नांगर राहिला. दाजी होते तेव्हाच ती ट्रॅक्टर चालवायला शिकली होती. तिनं ठरवलं, भाड्यानं नांगरट करायची. तिच्या थोरल्या दिराला हे काही पटलं नाही. घरात बैठक बसली, मीही होतो. एवढं भांडून शेवटी ठरलं असं की, एक उन्हाळा बघायचं. घेतलेली रानं पावसाच्या आधी नांगरून झाली तर ट्रॅक्टर तिचा. नाही झाली तर ट्रॅक्टर दिराच्या दारात उभा राहील. दीर हसून म्हणाले की, बघू की. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

ती फाळ घेऊन दुकानावर आली तेव्हा मी दुसरी सगळी कामं बाजूला सारली. पहिल्या बाजूला थर मारला, झकास बसला. मग फाळ उलटा केला. हात एक क्षण थांबला होता, खोटं कशाला बोलू. पण मनात आलं, हिच्या फाळाला काही होता कामा नये, हिचा एक दिवस पण वाया जाता कामा नये. मारला की मी दुसऱ्या बाजूनंही, तोही जाड. तिला म्हणलं, जा आता, हे फाळ तुझ्या म्हातारपणापर्यंत पुरतील. ती हसली, आणि मी त्या दिवशी चहा दोनदा प्यालो.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. नांगर लागत न्हाई, वरूनच सरकून राहिलाय, म्हणाली. मी तिच्यावरच डाफरलो. म्हणलं, खोली नीट धर, नांगराची वरची टॉप लिंक आवळ, हाताला अंदाज नाही तुझ्या. तिनं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, आवाज बारीक होता. डिझेल दीडपट जाऊन राहिलं होतं, दोन दिवसांत निम्मं रानही झालं नव्हतं, आणि दीर बांधावरच्या बाभळीखाली येऊन बसायला लागले होते.

मी गाडीला किक मारली. रानात गेलो तो तावातच, तिला खाली उतरवलं, स्वतः ट्रॅक्टरवर बसलो. दिरांच्या समोरून मोठ्या रुबाबात नांगर टाकला आणि निघालो. मागं वळून बघतो तर काय, जमिनीवर नुसते ओरखडे! नांगर वरच्या वर घसरत होता. तीनदा टाकला, तीनदा तेच. बाभळीखालून दीर बघत होते, माझी मान आपोआप खाली गेली.

बहीण नांगराजवळ उकिडवी बसली. तिनं फाळाच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग खालून फिरवला. फाळ बोथट झाला होता, आणि बोथट तर बोथट, वर झिजायलाही तयार नव्हता.

"दादा, इकडून बी मारलंस का?"

मी हो म्हणालो. दुसऱ्यांच्या फाळाला तू एकाच बाजूनं मारतोस ना, मी दुकानावर बघितलंय, असं ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. मग माझंच दोन्हीकडून का, असं विचारलं. मी म्हणालो, तू बहीण हाईस म्हणून.

"मग ह्या उन्हाळ्यापुरतं मला बहीण धरू नको. गिऱ्हाईक धर."

लाज वाटली मला. कामात चूक झाली याची लाज वाटलीच, पण दोन दिवस फोनवर मी तिलाच वेडी ठरवत होतो, त्याची जास्त वाटली.

फाळ काढून आम्ही लोह्याला आणले. कडक थर घासून काढायचा म्हणजे काय असतं ते माझ्या ग्राइंडरला विचारा, चाकांवर चाकं संपली. जुने दोन फाळ वाचले नाहीत, त्यांच्या जागी नवे घेतले. एका बाजूचे थर मी मारायला बसलो तर ती म्हणाली, मला दे. कशाला, म्हणलं. पुढच्या खेपेला तुझ्या दारात यायचं नाही म्हणून, म्हणाली. मी तोंडावरची काच तिला दिली. पहिली ओळ वाकडी आली, दुसरीही वाकडी, तिसरी बरी आली. फाळ उलटायला गेलो तर तिनं माझा हात धरून बाजूला केला.

सकाळी नांगर टाकला तो जमिनीत घुसला, आणि मुरमाची ढेकळं उलटून पडायला लागली. दीर बाभळीखालून उठले, धोतर झटकलं आणि घराकडं गेले. बुडालेले दिवस तिनं पहाटे लवकर सुरू करून भरून काढले. पहिला पाऊस पडला तेव्हा तिचं एकही रान राहिलं नव्हतं. ट्रॅक्टर तिच्याच दारात राहिला, आणि पुढं त्याच्या शेजारी एक जुनं वेल्डिंग मशीनही आलं.

दुसऱ्या वर्षी चैत्रात मी सहज तिच्याकडं गेलो. अंगणात बाजेवर दीर बसलेले होते, पुढं त्यांच्या नांगराचे फाळ. ती खाली बसून थर मारत होती. दीर म्हणाले, मी काय परका हाय का, घरचाच हाय, दोन्ही बाजूनं मार चांगलं जाड.

तिनं काच वर केली. बघितलं मात्र माझ्याकडं.

"एकाच बाजूनं होईल, भावजी. घरच्याला बी."