चाळीस मास्तरांसमोर

आमचा जिल्हा नवा झाला, पण पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहून गेला, असं आम्ही शिक्षकखोलीत म्हणायचो आणि हसायचो. पहिल्या वर्षी हसलो. तिसऱ्या वर्षी कुणी तो विनोद केला तर बाकीचे उठून जायचे. मी तेव्हा निलंग्याच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवत होते. वय सत्तावीस, नोकरी कायम आणि डोकं तापट. मुलांना मी आवडते का, हे मी कधी बघितलं नाही. गृहपाठ मात्र माझ्या वर्गाचा सगळ्यांचा पूर्ण असायचा.

त्या वर्गात जवळच्या खेड्यातून चालत येणारी एक मुलगी होती. ती पहिल्या तासाला झोपायची. बाकावर डोकं टेकून नाही, ताठ बसून, डोळे उघडे ठेवून. नाव घेतलं की दचकायची. दोनदा मी तिला उभं केलं, तिसऱ्यांदा पट्टी काढली. तिनं हात पुढं केला तेव्हा तळव्याची साल गेलेली होती, दोर ओढून जाते तशी. मला ते दिसलं आणि तरीही मी पट्टी मारली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्याच सुमारास प्रशिक्षणाचं पत्र आलं. विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि शिक्षकांची जबाबदारी, असा विषय. कागदावर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं, त्यावर पेनानं काट मारून वर लातूर लिहिलेलं. आमच्या मुख्याध्यापकांनी पत्र सगळ्यांना फिरवलं. एकाच्या घरी साखरपुडा निघाला, दुसऱ्याचं पोट बिघडलं. "बाई, तुम्हीच जा," ते मला म्हणाले. "तुमच्यामागं लेकरंबाळं नाहीत. आणि पोरं तुम्हाला भितात, तेवढं जरा कमी होईल."

प्रशिक्षण सहा दिवसांचं होतं. नव्या जिल्ह्याला कचेऱ्यांनाच जागा नव्हती, आम्हाला कुठून असणार? एका बंद तेलघाण्याच्या गोदामात सतरंज्या टाकल्या होत्या. पिण्याचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं, अशी पत्रातच सूचना होती. त्यामुळं प्रत्येकाच्या मांडीशी फिरकीचा तांब्या, आणि दुपारी दोननंतर सगळ्यांचं लक्ष व्याख्यानापेक्षा आपापल्या तांब्यावर. पुण्याहून आलेले एक सर शिकवत होते. ते इतक्या हळू बोलायचे की मागचे लोक पहिले दोन दिवस झोपले. त्यांचं सांगणं साधं होतं: मुलाला विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसा. मी मनात म्हटलं, गावाला प्यायला पाणी नाही आणि हे मनाचं घेऊन बसलेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. एकानं लहानपणीचं काहीतरी सांगायचं, दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं. माझ्या वाट्याला औशाकडच्या एक वयस्कर बाई आल्या. मी सांगायला लागले ते असंच काहीतरी, आणि सांगता सांगता भलतीकडेच गेले. आम्ही बौद्ध वस्तीतले. दुसरीत असताना मास्तर मला पाणी ओंजळीत वरून घालायचे, आणि मी ते घरी कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनी मला शाळेत घालताना केवढा आनंद केला होता, तो मोडावासा वाटला नाही. वीस वर्षांनी त्या अनोळखी बाईंना सांगितलं आणि रडले. रडू आलं याचा मला भयंकर राग आला. पण रात्री झोप लागली, तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. पुण्याच्या सरांचं म्हणणं मला पटलं ते तिथं.

परत आले ती पेटूनच. तालुक्यातल्या चाळीस शिक्षकांना हेच तीन दिवसांत शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. आमच्याच शाळेचा हॉल. समोर बसलेले बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे गुरुजी, गावातल्या शिकल्यासवरलेल्या घरातले, कुणी कुणी तर माझ्या शिक्षकांचे शिक्षक. त्यांच्यासमोर आमच्या वस्तीतली मुलगी उभी राहून मन म्हणजे काय ते सांगणार. कुणी वाईट बोललं नाही. एक जण फक्त म्हणाले, "बोला बाई, आम्ही ऐकायलोत." ते ज्या सुरात म्हणाले तो सूर मला दुसरीपासून माहीत होता. मी ठरवलं, या लोकांना असं काही दाखवायचं की तोंडात बोट घालतील.

आम्हा शिक्षकांची एक रीत आहे. आमचं कुठलंही प्रशिक्षण नमुना पाठाशिवाय पुरं होत नाही. समोर खरी मुलं बसवायची, एकानं शिकवायचं आणि बाकीच्यांनी मागं वह्या घेऊन टिपून काढायचं. प्रस्तावना कशी केली, प्रश्न किती विचारले, फळा कसा वापरला. शेवटी शेरे द्यायचे आणि मुलांना बिस्किटं द्यायची. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, मलाही वाटलं नाही. तिसऱ्या दिवसाच्या वेळापत्रकात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नमुना संवाद.

संवादाला मी ती मुलगी निवडली. तिच्या मनात काहीतरी आहे, हे मला आता कळत होतं. सहा दिवस तेच तर शिकून आले होते. आल्यापासून ती मला रोज वर्गात दिसत होती, व्हरांड्यात एकटी भेटत होती, आणि मी तिला काही विचारत नव्हते. मुद्दाम विचारत नव्हते. पाठाच्या आधी मुलांकडून उत्तरं काढून घेतली की पाठात ताजेपणा राहत नाही, असं आम्हाला अध्यापक विद्यालयात शिकवलेलं. ताजेपणा राहावा म्हणून मी नऊ दिवस थांबले.

ती आली तेव्हा तेल लावून वेणी घातलेली होती. "बाईंचा पाठ आहे, नीट बोल," असं कुणीतरी तिला बजावलं होतं. मी तिला खुर्ची दिली. चाळीस मास्तरांसमोर खुर्चीत बसायचं म्हणून ती अगदी कडेवर टेकली. मी हळू आवाजात विचारलं, "सकाळी किती वाजता उठतेस?" आणि गप्प बसले. मला चांगलं जमत होतं. मागं पेनं चालत होती.

ती बोलायला लागली. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. गावाचा आड आटलेला, बुडाला घागरभर पाणी पाझरायचं. आड अरुंद, मोठं माणूस उतरत नाही. म्हणून हिच्या कमरेला दोर बांधून हिला खाली सोडायचे. वाटीवाटीनं घागर भरायची आणि दोर हलवायचा, की वर ओढून घ्यायचे. अंगानं बारीक म्हणून घरचं झालं की गल्लीतले लोकही हिलाच बोलवायचे. पहाटेपासून शाळेच्या वेळेपर्यंत हेच.

"भीती वाटत नाही का खाली?" मी विचारलं.

"न्हाई बाई. खाली गार ऱ्हातंय. कुणाचा आवाज बी न्हाई."

मी गप्प बसले. शिकवल्याप्रमाणं, मनात दहा मोजत.

"मंग कवाकवा मी दोर हालवतच न्हाई," ती म्हणाली. "वर येऊच वाटत न्हाई. कमरंची गाठ सोडून ठिवते. मंग लई येळ बसते आन् पुना बांधते."

"आणि नाही बांधली तर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तेच इचार करत ऱ्हाते बाई."

हॉलमध्ये सगळी पेनं थांबली होती. मला तिच्याबद्दल काय वाटलं ते मी सांगू शकते: हिला इथून उठवून जवळ घ्यावं. पण त्याच क्षणी आणखी एक वाटलं, आणि तेही सांगायलाच हवं. वाटलं, जमलं. आता यांना कळेल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, समजुतीचे दोन शब्द बोलले, तिला बिस्किटं दिली आणि वर्गात पाठवलं. मग चाळीस मास्तरांकडं वळून म्हणाले, "आता शेरे." ज्यांनी मला बोला म्हटलं होतं तेच गुरुजी उभे राहिले. म्हणाले, "बाई, असा पाठ मी नोकरीत बघितला नाही." टाळ्या वाजल्या. त्या दिवशी मला कधी नव्हे एवढा आनंद झाला होता.

दुसऱ्या रांगेत बसलेले एक गुरुजी तिच्या वडिलांचे मावसभाऊ होते. मी विचारलं नव्हतं म्हणून मला ते माहीत नव्हतं. माणूस सज्जन. त्याच्या जिवाला घोर लागला, म्हणून संध्याकाळी तडक तिच्या घरी गेला आणि चार माणसांत म्हणाला, पोरीला आडात सोडू नका, तिच्या मनात वाईट येतंय. सकाळपर्यंत गावभर झालं. ती शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी मी गेले.

तिचे वडील ओट्यावर बसले होते. आत या म्हणाले नाहीत, पण सतरंजी टाकली. "बाई, तुमचं काय वाकडं केलतं आमी?" ते म्हणाले. "चाळीस मास्तरांपुढं पोरीच्या तोंडून काय वदवून घेतलं? आता ही पडली न्हाई तरी लोक म्हणतेत पडंल. डोक्यावर परिनाम झालाय म्हणतेत. कोन करंल हिला? कर्नाटकात एक जागा हाय, तितं अजून बोभाटा न्हाई झाला. झाला म्हंजी ते बी गेलं."

मी सांगितलं, ती चौदा वर्षांची आहे. सांगितलं, तिला आत्ता जपायला पाहिजे, लग्न लावून घरापासून तोडायला नको. मी हात जोडले, खरंच जोडले. ते म्हणाले, "जपायचं म्हूनच तर देयालोत." ती दाराच्या आत उभी होती. मी हाक मारली. "मी बरी हाय बाई," असं आतूनच म्हणाली.

लातूरला गेले. शिक्षणाच्या कचेरीत साहेब माझ्या नमुना संवादाबद्दल ऐकून होते. दुसऱ्या तालुक्यातही तो करून दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. मी मुलीचं सांगितलं तर म्हणाले, लग्न थांबवणं आपल्या खात्यात येत नाही. ज्यांच्या खात्यात येतं तिथं गेले. तिथल्या कारकुनानं, तुमच्या गावाचे कागद अजून जुन्या जिल्ह्याहून यायचेत, असं सांगून अर्ज परत दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण तिच्या कपाळी लागलं.

पुढं महिन्याभरानं निलंग्याच्या बस स्टँडवर ती दिसली. हिरव्या बांगड्या, अंगाला मोठं झालेलं लुगडं. सासू गाडीची चौकशी करायला खिडकीपाशी गेली होती. मी जवळ गेले. म्हणाले, "माझं चुकलं गं. तसं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं."

तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्येचं काय न्हाई बाई," ती म्हणाली. "तुमी एकल्यानं इचारलं असतं तरी सांगितलं असतं. लई दिसांपासून वाट बघायले व्हते, कुनीतर इचारंल म्हून."

मला पुढचं विचारायचं होतं. आता कसं वाटतं, तिकडं कोण आहे तुझं, आणि ते अजून मनात येतं का. तोंड उघडलं तेवढ्यात सासू आली, तिच्याबरोबर दीर आणि आणखी दोघंतिघं, आणि सगळे आमच्याकडं बघत उभे राहिले. ती माझ्याकडं बघत होती. थांबली होती ती, मला ते स्पष्ट दिसत होतं.

माणसं होती म्हणून मी विचारलं नाही. गाडी लागली, आणि ती गेली.