लाल दोऱ्याची गाठ

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांत लिहिते आहे. तोंडाने तर जमायचंच नाही. मी पहिल्यापासून लाजाळू — सगळे तेच म्हणतात. ते खरं आहे का, हे तुम्हीच शेवटी ठरवा. किंवा नका ठरवू.

जळगावच्या बाहेर आमचा तंबू-पिशव्यांचा कारखाना होता. आम्ही बाया धागे कापायचो, मशीनवर पुरुष. एकाहत्तरची लढाई लागली आणि फौजेच्या पिशव्यांचं काम इतकं आलं, की कारागीर पुरेनात. मग आम्हा अकरा बायांना मशीनवर बसवलं. जाड कॅनव्हास, बोटं सोलून निघायची. पण काय सांगू — त्या मशीनचा आवाज मला आवडायचा. माझ्या पायाखाली काहीतरी चालतं आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

शिवून झालेल्या पिशवीच्या तळाच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, प्रत्येकीने आपल्या रंगाच्या दोऱ्याचे पाच टाके घालून गाठ मारायची. पिशवी तपासणीतून परत आली, तर कुणाची ते कळावं म्हणून. माझा पिवळा. यमुनाक्काचा लाल. शेजारच्या मशीनवर बसायची ती. मला मशीन तिनेच शिकवलं.

लढाई संपली. मुकादम म्हणाला, "चला बायांनो, मशीनं सोडा, कात्र्या घ्या."

यमुनाक्का उठलीच नाही. "काय रे भाऊ, लढाई सरनी, तं आमना हात बी सरनात का?"

सगळ्या हसल्या. मुकादमही हसला. आणि आम्ही कात्र्या घेतल्या.

तिने मात्र सोडलं नाही. बरीच वर्षं अर्ज केले — आम्हालाही पुरुषांसारखं मशीनवर कायम करा. शेवटी धुळ्याला कामगार कचेरीतल्या साहेबांपुढे तारीख लागली. हजेरीत आमची नावं धागे कापणाऱ्या म्हणूनच होती. पण परत आलेल्या पिशव्यांची एक जुनी वही सापडली होती, तिच्यात लाल दोऱ्यापुढे यमुनाक्काचं नाव होतं. आता फक्त लाल गाठीची पिशवी दाखवायची. तशा सगळ्या पिशव्या सीमेवर गेलेल्या. एकच उरली होती, नापास झालेली, यमुनाक्कानेच मला दिलेली, आणि ती माझ्या घरी होती. मी तिच्यात तूरडाळ ठेवायचे.

यमुनाक्काने ती मागितली. त्याच आठवड्यात मुकादमाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सिंधूबाई, एका बाईला मशीनवर घेतो आहोत. शिकाऊ म्हणून. पण तुम्ही त्या अर्जाच्या भानगडीत नको."

पिशवीचं त्याला माहीत नव्हतं. ते फक्त यमुनाक्काला आणि मला माहीत होतं.

दुपारची वेळ होती. घरात कुणी नव्हतं. मी डाळ परातीत ओतली, पिशवी उलटी केली आणि सुईने ते पाच टाके एकेक करून — होय, मी उसवले. लाल दोरा चुलीत टाकला. हात थरथरत होता, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. नव्हता थरथरत.

धुळ्याच्या गाडीत पिशवी यमुनाक्काच्या मांडीवर होती. तिने उघडून पाहिली नाही. माझ्यावर विश्वास होता ना! पारोळ्याला मला अर्धी भाकरी दिली. म्हणाली, "तू बोलू नको सिंधे. तुले लाज वाटस. मी बोलसू."

साहेबांपुढे तिने कोपरा उलटा केला. गाठ नव्हती. तिने दुसरा कोपरा पाहिला, तिसरा पाहिला. मग परत पहिल्यावर आली आणि अंगठा फिरवला. कॅनव्हासला भोकं राहतात. पाच भोकं. अंगठा तिथेच थांबला.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही बाया मशीन चालवायचात?"

मी मान खाली घातली. "नाही साहेब. धागे कापायचो."

स्टँडवर आल्यावर यमुनाक्काने पिशवीची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. "डाळ ठेवाले व्हई."

त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

मला मशीन मिळालं. आठ दिवस मी मशीन न येणाऱ्यासारखी बसले. मुद्दाम दोरा तोडायची, टाका वाकडा घालायची, आणि नवा कारागीर मला शिकवायचा. समोर यमुनाक्का कात्रीने धागे कापत असायची. माझ्याच पिशव्यांचे. ती बघत होती का? मी कधी वर पाहिलं नाही.

गेल्या वर्षी ती वारली. भेटायला गेले तर तिची सून म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, सिंधूला साहेबांपुढे लाज वाटली, तिचा काही दोष नाही."

म्हणजे भोकांचं तिने घरातही सांगितलं नाही.

मला लाज वाटली नव्हती. भीतीही नव्हती. मला ते मशीन हवं होतं.

पिशवी अजून घरात आहे. कितीदा धुतली, भोकं बुजत नाहीत. डाळ काढताना हात तळाला जातो, आणि अंगठा आपोआप कोपऱ्याकडे वळतो.